त्या दिवशी निघायला झालेला उशीर

मामाजी,

घरात अजून माणसांची ये-जा आहे. दारात चपला आहेत, ओट्यावर जास्तीचे पेले धुऊन पालथे घातलेत. तुमची खाट आम्ही अजून उभी केलेली नाही.

काल सकाळी मिलिंद इच्छापोरला निघाले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच ते कामावर जात होते. मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले आणि गाडीच्या खिडकीतून आत वाकले. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला का? लागला. गाडी सुरू झाल्यावर विझला का? विझला. तरी मी म्हटलं, "जरा रेस द्या बघू." मिलिंदनी माझ्याकडे पाहिलं, रेस दिली. दिवा विझलेलाच राहिला. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. समोरच्या जशुबेन म्हणाल्या, "तुं तो तारा ससरा जेवी थई गई." तू तर अगदी सासऱ्यासारखी झालीस.

मला हसू आलं नाही. दिवसभर जीव टांगणीला लागला होता. हजीरा रोडवर कुठे बंद पडले असतील, मागून ट्रक येत असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. तुम्ही होतात तोवर या घरात काळजी करायचं काम तुमच्याकडे होतं आणि आम्ही तुम्हाला हसायला मोकळे होतो. ते काम असं अंगावर येईल हे मला माहीत नव्हतं.

लग्न होऊन मी मलकापूरकडून सुरतेच्या या भेस्तानात आले, तेव्हा मोटारीच्या पुढच्या सीटवरही कधी बसलेली नव्हते. आणि तुम्ही मला पहिल्याच महिन्यात ड्रायव्हरच्या जागेवर बसवलंत! रविवारची सकाळ होती, मिलिंद आठवड्याचं झोपून घेत होते. लाइनीतल्या बाया दारात भांडी घासत होत्या, मागच्या शेडमध्ये लूम खडखडत होते. तुम्ही बॉनेट उघडून आत वाकला होतात आणि मला हाक मारलीत, "सुजाता, इकडे ये बाई. इथं बस. हे दाबलं का रेस होते. मी म्हणीन तेव्हा दाबजो, म्हणीन तेव्हा सोडजो."

मी डोक्यावरचा पदर सावरत बसले. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. पाय इतका थरथरत होता की गाडी मध्येच ओरडायची, मध्येच गप्प व्हायची. तुम्ही रागावला नाहीत. बॉनेटच्या फटीतून तुमचा नुसता आवाज यायचा, "हळू. पोळी भाजतो तशी आच ठेव."

रेल्वेत तुमची सगळी नोकरी डब्यांखालच्या बॅटऱ्या तपासण्यात गेली. तुमच्या एकाही सदऱ्याच्या बाह्या धड नव्हत्या, तेजाबाचे थेंब उडून बारीक बारीक भोकं पडलेली. निवृत्त झालात आणि मिलिंदनी जुनी, गोल पाठीची पांढरी मोटार घेतली. मग तुमचा सगळा जीव तिच्यात गेला. दर रविवारी तोच क्रम असायचा. आधी नुसतं बघायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर सोड्याच्या पाण्यानं धुवायची, कोरडी करून व्हॅसलीन लावायचं. पट्टा अंगठ्यानं दाबायचा. मग काचेची नळी बॅटरीच्या एकेका भोकात घालून रबरी फुगा दाबायचा, पाणी वर ओढायचं आणि आतला काटा किती तरंगतो ते डोळ्यांशी नेऊन पाहायचं. शेवटी मीटर. गाडी बंद असताना सुई बारा-साडेबारावर, रेस दिली की चौदाच्या जवळ. मग मोठे दिवे लावून पुन्हा रेस. दिवे लावूनही सुई खाली आली नाही, तर तुम्ही बॉनेट लावायचात.

"लाल दिवा लागला तर लोक घाबरतात," एकदा तुम्ही मला सांगितलंत. "सुरू कराच्या आधी तो लागलाच नाई तं मी जास्त घाबरतो. मंग सांगनारंच कोनी नाई राह्यलं."

मिलिंदना यातलं काहीही पटायचं नाही. "बाबा, चालशे," चालेल, एवढंच ते म्हणायचे. सुरतेत राहून आम्ही सगळेच तो शब्द शिकलो होतो. लाइट गेली, चालशे. नळाला पाणी कमी आलं, चालशे. तुम्हाला त्या शब्दाचा असा राग होता की कोणी म्हटला की तुम्ही मान फिरवायचात. डबा अंधारात गेला की त्या रात्री बायाबापड्या कशा बसतात ते मी पाहिलंय, असं काहीतरी पुटपुटायचात. मिलिंद म्हणायचे, मोटार म्हणजे रेल्वेचा डबा नाही. तुमच्या दोघांचं हे भांडण माझ्या लग्नाआधीपासून चालू होतं आणि मला त्याची गंमतच वाटायची. मी तुमच्या बाजूची होते. रेस द्यायचं काम माझ्याकडे होतं ना.

मग तो दिवस आला. त्याबद्दल आपण दोघं कधीच नीट बोललो नाही, म्हणून आज सगळं क्रमानं सांगते.

सकाळी मी दूध घेऊन परतत होते. कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली, "सुजाताबेन, मलकापुरथी फोन छे." माझा भाऊ प्रकाश होता. बाबांना आदल्या दिवशी दवाखान्यातून घरी आणल्याचं त्यानं सांगितलं. घरी का आणलं, हे मी विचारलं नाही. "ताई, तू निघ," तो म्हणाला. "बाबा आज बोलून राह्यले, तुह्यं नाव घेऊन राह्यले. उद्याचं मी काई सांगू नाई शकत."

दुधाची पिशवी हातात तशीच घेऊन मी घरी आले. सकाळची पॅसेंजर निघून गेलेली होती, पुढची गाडी एकदम संध्याकाळी. बसनं जायचं तर दोन ठिकाणी बदला. मिलिंद म्हणाले, "गाडीनंच जाऊ, दिवसाउजेडी पोचू." मी दोन लुगडी पिशवीत कोंबली. तुम्ही तुमची कापडी पिशवी घेऊन माझ्याआधी दारात उभे होतात. तुम्ही येणार का, हे कोणी विचारलं नव्हतं. व्याह्याची भेट घ्यायला तुम्ही येणार हे तुम्ही धरूनच चालला होतात.

मिलिंदनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि लाल दिवा विझला नाही. पूर्ण लागलेलाही नव्हता, मंद, विटकरी रंगाचा दिसत होता. रेस दिली की जायचा, सोडली की पुन्हा यायचा. मी मागच्या सीटवरून पाहिला. मिलिंदनीही पाहिला.

तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवलीत.

"बाबा, आता नको," मिलिंद म्हणाले.

"बॉनेट खोल."

"दिवसा काही लागत नाही. बॅटरीवर सहज जाईल गाडी. तिकडे गेल्यावर बघू. चालशे."

"घाटात बंद पडली तं? हे पोट्टी घाटात बसून राहीन का?"

मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "सुजाता, पुढं ये. रेस दे."

मामाजी, मला त्या क्षणी काय वाटलं ते तुम्हाला कळलं होतं का? तिकडे माझे बाबा माझं नाव घेत होते आणि मी आपल्याच दारात, जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीत बसून रेस देत होते. दाब. सोड. पुन्हा दाब. इंजिन गर्जत होतं आणि पुढे एक वीतभरसुद्धा जात नव्हतं. मला रडू फुटलं होतं, पण बॉनेट उघडं होतं, त्यामुळे तुम्हाला माझं तोंड दिसत नव्हतं.

सुई तेरापर्यंत चढायची आणि थरथरत परत यायची. मोठे दिवे लावले तेव्हा बाराच्याही खाली घसरली. तुम्ही पट्टा दाबून पाहिलात, ताठ होता. बॅटरीची टोकं हलवून पाहिलीत, घट्ट होती. एकेक वायर हातानं ओढून पाहिलीत. नळी घातलीत तर काटा तळाशी बसला. "बॅटरी उपाशी हाये," तुम्ही म्हणालात. "हे आजचं नाई. लय दिवसापासून तिले काई भेटून नाई राह्यलं." मिलिंदनी खाली मान घातली. त्या आधीचे दोन रविवार पाहुणे होते आणि तपासणी झाली नव्हती.

मग तुम्ही बॅटरी भरणाऱ्या डायनमोवरची पट्टी सरकवलीत आणि टॉर्च लावून आत पाहिलंत. आतले कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, एक तर अडकूनच बसला होता. ते बदलायला हवे होते. उधन्याच्या दुकानाशिवाय ते कुठे मिळणार नव्हते, आणि दुकान इतक्या सकाळी उघडणार नव्हतं.

मिलिंद शेजाऱ्यांची स्कूटर घेऊन गेले.

ते परत येईपर्यंतचा वेळ आपण दोघंच त्या गाडीपाशी होतो. तुम्ही बारीक पॉलिशपेपर घेऊन डायनमोचा आतला भाग घासत बसला होतात. मी चाकाजवळ उभी होते. लाइनीतली पोरं शाळेला निघाली होती, आणि कोणीतरी विचारलं, "काय झालं, कुठे निघालात?" जशुबेननी चहा आणला, मी घेतला नाही. तुम्ही मात्र घेतलात. कप हातात घेऊन फुंकर मारत चहा पिताना तुम्हाला पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मामाजी, तुमचे वडील असे पडले असते, तर तुम्ही थांबला असता का?"

तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "थांबलो असतो का, मले माहीत नाई, बाई."

मला वाटलं होतं, तुम्ही ठाम काहीतरी सांगाल. तसं सांगितलं असतंत तर मला तुमच्यावर सरळ रागावता आलं असतं. पण तुम्ही माहीत नाही म्हणालात आणि पुन्हा घासायला लागलात.

मिलिंद आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दुकान बंद म्हणून ते तिथल्या बूथवर थांबले होते आणि मलकापूरला फोन करून उशीर होतोय असं कळवलं होतं. आणलेले कार्बन जरासे जाड निघाले. तुम्ही ते कानशीवर घासलेत, बसवून पाहिलेत, काढलेत, पुन्हा घासलेत. मी आत जाऊन देव्हाऱ्यातल्या बुद्धाच्या तसबिरीसमोर उभी राहिले, पण वंदनेची एक ओळही आठवेना. बाहेरून तुमची हाक आली.

"रेस दे."

सुई चौदाच्या जवळ गेली. मोठे दिवे लावले. तरी तिथेच. मिलिंद म्हणाले, "झालं!" आणि बॉनेटला हात घातला.

"अजून एकदा," तुम्ही म्हणालात.

मी ओरडले. सासऱ्यासमोर मोठ्या आवाजात बोलायची माझी ती पहिलीच वेळ. "मामाजी, माझा बाप मरतोय तिकडे!"

तुम्ही वाकलेले होतात तसेच राहिलात. मग हळू आवाजात म्हणालात, "एकदाच." आणि मी दिली. रेस दिली मी, मामाजी. पाय आपोआप गेला. सुई तिथेच राहिली. तुम्ही हात पुसलेत आणि पुढे बसलात.

रस्त्यात आपण किती कमी बोललो! बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडत गेलं आणि मी मनात एकच हिशोब करत होते, तेव्हाच निघालो असतो तर आता कुठे असतो. तुमची नजर सारखी त्या विझलेल्या दिव्यावर होती. मागून मला तुमच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. नवापूरला मिलिंदनी चहासाठी गाडी हळू केली, मी "नको" म्हणाले. घाटात एक ट्रक बंद पडून आडवा झाला होता, तिथे रांगेत थांबावं लागलं. पुढे-मागे गाड्या, उतारावर दगड लावून उभ्या. आपलं इंजिन मिलिंदनी बंद केलं नाही. ते चालू होतं, एका लयीत, आणि तुम्ही डोळे मिटून ते ऐकत होतात. तेव्हा माझ्या मनात आलं होतं, हे इथे बंद पडलं असतं तर. आलं होतं, मामाजी. पण लगेच दुसरं आलं, सकाळी निघालो असतो तर हा ट्रक इथे नसताच.

साक्रीला पेट्रोलसाठी थांबलो. तुम्ही दार उघडलंत. "डायनमोले हात लावून पाहतो, गरम होते का."

"नाही उतरायचं," मी म्हणाले. "आता पुरे."

तुमचा एक पाय बाहेर होता. तो तुम्ही आत घेतलात आणि दार लावलंत. म्हातारं माणूस आपल्या सुनेचं ऐकून पाय आत घेतं, ते मला अजून दिसतं.

धुळ्याच्या पुढे अंधार पडला. मिलिंदनी दिवे लावले. प्रकाश लख्ख पडला, रस्त्याच्या कडेचे दगड मोजता यावेत इतका. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही समोर रस्त्याकडे बघत राहिलात.

घरी पोचलो तेव्हा गावातली जेवणं आटोपत आली होती. बाबा होते. श्वास चालू होता, हात गरम होता. मी "बाबा, मी आले" म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. डोळे अर्धे उघडे होते, पण ते कोणाकडेच बघत नव्हते. काकू माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "दुपारलोक बोलत होते वं माय. तुह्यंच नाव घेत होते."

दुपारपर्यंत! तुम्ही दारात पिशवी घेऊन उभे होतात. ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही ऐकल्याचं मी पाहिलं. आणि मी नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

सुरतेला परत आल्यावर तुम्ही मला रेस द्यायला बोलावलं नाहीत. रविवारी तुम्ही एकटेच बॉनेट उघडायचात. मीटर लावून ठेवायचात, मग वळसा घालून आत येऊन रेस द्यायचात, आणि मान लांब करून काचेतून सुई दिसते का ते पाहायचात. ती दिसायची नाही. मग पुन्हा वळसा. मी खिडकीतून बघायचे आणि भांडी घासायचे. आपलं बाकी सगळं व्यवस्थित होतं. मी तुम्हाला वेळेवर चहा द्यायचे, तुम्ही बाजारातून मला आवडतात म्हणून कोवळी वांगी आणायचात. बाहेरच्या कोणाला काही कळलं नसतं.

किती महिने असे गेले ते आता नेमकं सांगता येत नाही. एका रविवारी तुम्ही वळसा घालताना धापा टाकत मडगार्डला धरून थांबलात. मी हात पुसत बाहेर आले आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. तुम्ही बॉनेटमागे गेलात. थोड्या वेळानं आवाज आला, "जरा रेस दे."

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. पण तो दिवस आपल्यात तसाच राहिला. मिलिंद एकदा म्हणाले, तुमचं बरोबर होतं, ते कार्बन घाटापर्यंतसुद्धा टिकले नसते. दुसऱ्या वेळी तेच म्हणाले, बॅटरीवर निघालो असतो तर उजेड असेपर्यंत आरामात पोचलो असतो. दोन्ही खरं वाटायचं. मी कितीदा तरी मनात सकाळीच निघायचे. कधी बाबांच्या खाटेशी पोचायचे, ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे. कधी घाटात गाडी बंद पडायची आणि मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना हात करत असायचे.

मला वाटायचं, हे माझं एकटीचं चाललंय. मग तुमच्या शेवटच्या आजारपणात, दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते, आणि तुम्ही चमचा हातानं बाजूला केलात.

"सुजाता, त्या दिशी मी तुले थांबोलं."

मी म्हटलं, "मामाजी, पेज गार होते."

"मी लय खेप इचार केला. बरोबर केलं का चूक केलं, मले आजलोक समजलं नाई. तुले काय वाटते?"

किती सरळ विचारलंत तुम्ही! आणि मी म्हणाले, "जाऊ द्या आता ते."

तुम्ही मान हलवलीत आणि चमच्यासाठी तोंड उघडलंत. मी खोटं बोलले नव्हते. मलाही कळलेलं नव्हतं. चूक केलीत म्हणायला जीभ रेटेना, बरोबर केलंत म्हणायला बाबा आड यायचे. वाटलं, जरा बरे व्हाल, उठून बसाल, तेव्हा बोलू. तुम्हाला तेवढा वेळ मिळाला नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मलकापूरहून आई आली. कार्यक्रम झाला, माणसं पांगली, ती मागे राहिली. परवा दुपारी आम्ही दोघी आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलो होतो. आई सहज म्हणाली, "तुह्या सासऱ्यासारखा मानूस भेटनार नाई. तुह्या बापाले लय भरोसा होता त्याहिचा."

मला कुठून कोण जाणे, एकदम रडू आलं. म्हटलं, "आई, त्यांच्यापायीच तर त्या दिवशी उशीर झाला. बाबांशी बोलणं झालं नाही माझं."

आईनं सूप खाली ठेवलं. "काऊन? तुले कोनी सांगतलंच नाई का?"

"काय?"

मग तिनं सांगितलं. मिलिंदनी उधन्याच्या बूथवरून फोन केला होता तो प्रकाशनं घेतला. तो तणतणत घरी आला आणि दारातूनच आईला म्हणाला, "म्हातारा गाडी तपासून राह्यला म्हने! तपासल्याशिवाय निघू देत नाई!" बाबा खाटेवर जागे होते, त्यांनी ते ऐकलं. त्यांनी हातानं प्रकाशला जवळ बोलावलं.

"कोन तपासून राह्यलं?"

"ताईचा सासरा."

बाबा थोडा वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "तपासू दे. पोरीले घाई करू देऊ नका."

आई सांगत होती आणि मी ऐकत होते. ती म्हणाली, माझ्या लग्नात नवरीची जीप निघायची होती, वाजंत्री थांबली होती, सगळी वरात खोळंबली होती, आणि तुम्ही बॉनेट उघडून आत वाकला होतात. आमच्याकडचे लोक हसत होते. बाबा मात्र तुमच्या मागे जाऊन उभे राहिले, तुम्ही काय करता ते सगळं पाहिलं, आणि घरी येऊन आईला म्हणाले, पोरगी चांगल्या घरी चालली. मी जीपमध्ये बसलेली होते, मान खाली घालून, मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"पण काकू म्हणाली, दुपारलोक माझं नाव घेत होते," मी म्हटलं.

"घेत होते ना. मले इचारत होते, सुजाता निघाली का? मी म्हणो, हो, निघाली. सासरा संग हाये? मी म्हणो, हाये. मंग डोळे मिटत. थोड्या टायमानं पुन्ना इचारत. तसंच इचारता इचारता झोप लागली त्याहिले." आईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "भेव नव्हतं, बाई. मी जवळ होती. तोंडावर भेव नव्हतं."

ती तांदूळ पाखडायला लागली. मला तिथे बसवेना. मी उठून तुमच्या खोलीत आले आणि तुमच्या खाटेच्या कडेला बसले.

मामाजी, माझं बाबांशी बोलणं झालं नाही ते नाहीच झालं. त्याचं दुःख आहे आणि राहील, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तुम्ही मला विचारलं होतंत ना, काय वाटतं म्हणून? ज्या माणसासाठी आपण सगळे तळमळत होतो, त्यानंच तिकडे खाटेवरून तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. तुम्ही इकडे दारात कार्बन घासत होतात, मी चाकाजवळ उभी राहून मनात तुम्हाला बोल लावत होते, आणि तेव्हा माझे बाबा तुमच्याच बाजूचे होते.

हे मला परवा कळलं. तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं.